स्टार्टर दाबताना

सुमेधा मॅडम गेल्याचं मला धाकट्या भावानं फोनवर सांगितलं, तेही दुसऱ्याच गोष्टीच्या नादात. हैदराबादेतल्या ज्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात मी कामाला आहे, तिथं दुपारचा भात उपसत होते. दत्ता म्हणाला, "अक्का, बोअरची गाडी सांगितली बघ. गल्लीतल्या आडाशेजारच्या तुकड्यात बोअर घेऊन राह्यलो." मी म्हटलं, "अरे थांब, मॅडम येणार हायेत ना तुझ्याशी बोलायला?" तर म्हणाला, "त्या कशाच्या येतात आता? वारल्या की परवा. जालन्यात, झोपेतच..." झारा हातात तसाच राहिला. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आता दत्ताला सांगणार कोण?

याला महिना होत आला. मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या. केदारखेड्याजवळच्या आमच्या गावात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी शाळा आठवीतच सुटली होती आणि लग्न ठरायचं होतं. अनोळखी बाईशी गावातल्या बायका बोलेनात, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. गावाची भरभराट होतेय, तर माणसं सुखात आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. घरोघर विचारायच्या, "तुम्ही समाधानी आहात का?" आणि घरोघर एकच उत्तर, "हो, बरं चाललंय." सगळं गाव सुखी! शेवटी कौसाबाई म्हातारी डाफरली, "अवं बाई, दारात आलेल्या पाव्हणीला कुणी आपलं रडगाणं सांगतं का? च्या प्या गुमान." मॅडम इतक्या हसल्या की चहा साडीवर सांडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्नच बदलला : तुमच्याकडं काय वाढलं, काय घटलं?

मंग काय, गाव मोकळं झालं. कुणी म्हणे मोटारसायकली वाढल्या, चालणं घटलं. एक जण बायकोकडं बघून म्हणाला, "हिचं बोलणं वाढलं." तर आतून आवाज, "आन् ह्यांचं ऐकणं घटलं, लिहा बराबर!" माझी आई मात्र चुलीपुढून हळूच म्हणाली, "भ्याव वाढलं, मॅडम. अद्रक लावल्यापासून पैका दिसतो. पन मोटारीचा स्टार्टर दाबला की पाइपातून पाणी येईपर्यंत जीव खालीवर व्हतो. आज आलं... उद्या?" पुढं मॅडमनी अभ्यास केला तो या भीतीचाच. मला समजेल असं सांगायच्या, "कणगीतलं बियाणं दळून भाकरी केल्या, तर ताट भरलेलं दिसतं. त्याला कमाई म्हणायचं का?" जमिनीच्या पोटातलं पाणी म्हणजे ते बियाणं. अद्रकाचं उत्पन्न सगळे मोजतात, तुझ्या आईचं भ्याव कुणीच मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला लिहितं त्यांनीच केलं. "शाळा सुटली, बोलणं सुटलं का तुझं? बोलतेस तसं लिही." लग्न होऊन या तेलुगू मुलखात आले, दुकानदाराशीही खुणेनं बोलायचे, तेव्हा फोन करून आपल्या बोलीत "जेवलीस का गं?" विचारणारं माणूस म्हणजे त्या. त्यांचे उपकार कशात मोजू...

आमच्या तुकड्यात खोल बोअर पडला तर गल्लीचा आड आटेल, ही धास्ती मॅडमला होती. शेजारच्या वस्तीत त्यांनी तसं होताना पाहिलं होतं. त्यांच्यापुढं दत्ता मान खाली घालून ऐकायचा. मी कोण? दिल्या घरची पोरगी. शेताच्या गोष्टीत बोललं की माहेर तुटतं. माझी आत्या एकदा बोलली, तिला पुढं दिवाळीलाही कुणी बोलावलं नाही. आणि न बोलावं, तर या वयात आई हंडा घेऊन कुठवर जाईल? बोअरची गाडी दुसऱ्या गावात अडकली होती, तेवढाच काय तो वेळ हातात.

गेल्या रविवारी फोन लावला. दत्ता नेहमीसारखा, "बोल अक्का, काय म्हणतंय तुझं हैदराबाद?" मी म्हटलं, "दत्ता, आड आटल्यावर गल्लीनं पाणी कुठून भरायचं?"

मॅडमची एक सवय होती. अवघड प्रश्न विचारला की त्या गप्प बसायच्या. समोरचा चुळबुळला, हसला, चिडला, तरी मधे शब्द टाकायच्या नाहीत. दत्ता म्हणाला, "तुझे कान कुणी भरले?" मी गप्प. "आता तू सांगणार का मला शेत कसं करायचं?" मी गप्प. 'राहू दे रे, तुझ्या मनासारखं कर' हे तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकलं. मंग तिकडूनही काही ऐकू येईना. फोन ठेवला की काय यानं...

"अक्का, हायेस ना?"

"हाये," मी म्हटलं, आणि पुन्हा गप्प बसले.