साळवे बाईंचा पहिला पेपर

साळवे बाई सिनेमाला गेल्या की पडद्याकडे पाठ करून बसत. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजून माणूस असं का करील, हे कोडं मला पहिल्या भेटीतच पडलं होतं.

ती भेट झाली तळेगाव ढमढेऱ्याच्या यात्रेत, तंबूतल्या सिनेमात. नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि खोलीवर करमेना म्हणून यात्रेला गेलो होतो. पडद्याच्या अगदी पायथ्याशी पन्नाशीला आलेली एक बाई लोकांकडे तोंड करून बसली होती. सुती साडी, जाड चष्मा आणि नजर अशी की मला वाटलं, तंबूवाल्याच्या घरची असावी, फुकटे कोण घुसलेत ते शोधत असावी. मी खिशातलं तिकीट काढून त्यांना दुरूनच दाखवलं. त्यांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं की त्या आमच्याच मराठी विभागाच्या प्रमुख, प्रा. सुलोचना साळवे. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तिकीटवाले सर तुम्हीच ना? हिरोची आई मेली तवा तुम्ही जांभई दिली. तुमच्या शेजारचा पैलवान मात्र उपरण्यानं डोळं पुसत हुता." वर्गात बाई छापील मराठी बोलत. आपल्या माणसांत बसल्या की दौंडच्या रेल्वे वसाहतीतली भाषा बाहेर यायची. त्या दिवसापासून मी आपल्या माणसांत जमा झालो.

त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलणारे, होते. बाई अजून दौंडलाच राहत आणि रोज चौफुला, न्हावरा करत एसटीनं शिरूरला येत. कोणताही विषय काढा, त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "बघणाऱ्याचं काय?" एकदा मी राज्याभिषेकांच्या थाटाबद्दल रंगात येऊन बोलत होतो. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "मागं उभ्या ऱ्हायलेल्यांना दिसलं का काही?" तेवढं कुठल्याच ग्रंथात नव्हतं. माझा चहा गार झाला आणि मला त्यांचा मनापासून राग आला.

पुढे नवं शतक लागलं आणि विद्यापीठानं कॉलेजांकडून नव्या अभ्यासक्रमांचे प्रस्ताव मागवले. प्राचार्यांनी बैठक घेतली. कुणी कॉम्प्युटर म्हणालं, कुणी व्यवस्थापन. साळवे बाई म्हणाल्या, चित्रपट अभ्यास, पूर्ण तीन वर्षांची पदवी. सगळे हसले. संस्थेचे अध्यक्ष आप्पा हसले नाहीत. आप्पा म्हणजे मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेला माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "बाई, सिनेमा शिकून पोरांना कुरकुंभच्या कारखान्यांत नोकरी लागंल का?"

"इतिहास शिकून लागती का, आप्पा?" बाई म्हणाल्या.

आता सगळे माझ्याकडे बघून हसले, आणि या खेपेला आप्पाही हसले. प्रस्ताव पाठवायला परवानगी मिळाली. त्या हसण्याची भरपाई म्हणून असेल, बाईंनी मला मदतनीस करून घेतलं. मला नाही म्हणायची सोय नव्हती.

मग जवळजवळ वर्षभर माझे रविवार दौंडला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. एकीकडे चुलीवर, म्हणजे गॅसवरच, पण बाई चूलच म्हणत, कालवण रटरटतंय आणि जमिनीवर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पसरलेला. बाहेरच्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यांनी मागवून घेतले होते, बारकाईनं वाचले होते. पण आमची पोरं त्या वेळापत्रकात बसत नव्हती. कांदा काढणीला निम्मा वर्ग शेतात असतो, हे दरवर्षीचं. हजेरीवरून ओरडण्यापेक्षा बाईंनी ध्वनीचं प्रात्यक्षिकच त्या आठवड्यांत टाकलं: प्रत्येकानं टेपरेकॉर्डर घेऊन रानात जायचं आणि काढणीचा आवाज टिपून आणायचा. यात्रांचे दिवस परीक्षेनंतर येतात, म्हणून पहिल्या वर्षाचा प्रकल्प सुट्टीत, तंबूवाल्यांबरोबर. बाजाराच्या दिवशी सिनेमा दाखवायचा नाही, कारण त्या दिवशी पोरींना घरी लवकर परतावं लागतं. मी इतकी वर्षं शिकवत होतो, पण विद्यार्थी घरून कसा येतो आणि घरी कशाला जातो, याचा विचार करून धडा लावायचा असतो हे मला त्या स्वयंपाकघरात समजलं.

भांडण झालं ते पहिल्या पेपरावरून. माझं म्हणणं, आधी जगाच्या सिनेमाचा इतिहास हवा. विद्यापीठातल्या जाणकारांनीही तसंच कळवलं होतं. प्रेक्षक हा विषय ठेवायचाच तर तिसऱ्या वर्षी, तोही ऐच्छिक. बाई ऐकेनात. पहिल्या वर्षाचा पहिला पेपर प्रेक्षक, नाहीतर ही पदवीच नको, इथपर्यंत त्या आल्या. मी कारण विचारलं.

"आपल्या पोराला पहिल्या दिवशी परदेशातली नावं पाठ करायला लावली की ते गप बसतं," त्या म्हणाल्या. "आन् एकदा गप बसलेलं पोर तीन वर्षं बोलत न्हाई. त्याला आधी विचारा, तू सिनेमा कुठं बसून बघितलास? त्यावर त्याला बोलता येतं. त्यावर पोरींनापण बोलता येतं."

शेवटी प्रस्ताव बाईंच्या म्हणण्याप्रमाणेच गेला, आणि पदवीला मंजुरी मिळणार की नाही, हे आता या एका पेपरावर आलं होतं.

विद्यापीठाची समिती पाहणीला आली. अध्यक्षा एक बाई, सदस्यांत आणखी एक बाई आणि दोन पुरुष. सिनेमा दाखवायला तुमच्याकडे सोय काय, हा प्रश्न येणार हे ओळखून साळवे बाईंनी ओळखीच्या तंबूवाल्याला बोलावून कॉलेजच्या मैदानात पडदा उभा केला होता आणि गावालाही आवतण दिलं होतं. तिन्हीसांजेला चहा झाला. आप्पांनी पाहुण्यांच्या बैठकीची जबाबदारी आपल्या माणसांवर सोपवली होती. त्या माणसांनी गावात पिढ्यान् पिढ्या करतात तेच केलं. पुरुषांच्या खुर्च्या पडद्यासमोर, आणि बायकांच्या पडद्यामागे. समितीच्या अध्यक्षांना मानानं, हातात गुलाबाचं फूल देऊन, पडद्याच्या मागे नेऊन बसवलं.

सिनेमा सुरू झाला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. नावं उलटी, चेहरे उलटे, आणि अध्यक्षा सरळ बसलेल्या. प्राचार्यांना घाम फुटला. आप्पा आपल्या माणसांना दबक्या आवाजात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्च्या हलवायला मी धावलो, तर साळवे बाईंनी मला हातानंच थांबवलं. त्या जाऊन अध्यक्षाबाईंच्या शेजारी बसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना पडद्याकडे तोंड करून बसलेलं पाहिलं.

"मॅडम, मी दहा वर्षांची होईपर्यंत, गावाकडं, सिनेमा असाच पाहिला," त्या शांतपणे सांगत होत्या. "इकडं बायका, आणि त्यांच्याही मागं आमच्या, गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं. सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात, असंच मला वाटायचं. घरी येऊन मी डाव्या हातानं जेवायला लागले, तेव्हा आईनं मारलं." आवाजात कडवटपणा नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. "पुढं दौंडला थेटरात समोरून सिनेमा बघितला आणि कळलं, एकच सिनेमा दोन बाजूंनी दोन असतो. माझा पहिला पेपर एवढाच आहे."

आप्पांनी हात जोडून, समोर चला म्हणून विनवलं, तर अध्यक्षाबाई म्हणाल्या, "राहू द्या. आता शेवटपर्यंत इथूनच बघते." मध्यंतरात त्यांनी समोरच्या दोन्ही पुरुष सदस्यांनाही मागे बोलावून घेतलं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांना सरकून जागा दिली.

मंजुरी आली. पहिला पेपर प्रेक्षकच. बातमी कळताच आप्पांनी पेढे वाटले आणि सिनेमाची पदवी ही आपलीच कल्पना होती, असं पंचक्रोशीत सांगायला सुरुवात केली. पण मंजुरीसोबत नियमातली एक अट होती: शिकवणाऱ्याकडे त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. बाईंची पदवी मराठीची. ज्यांनी अभ्यासक्रम घडवला, त्यांनाच तो शिकवता येणार नव्हता.

मला झोप लागली नाही. आप्पा तर चवताळले. वर जाऊन भांडू, वर्षभर थांबू, पण बाईच शिकवतील, असं त्यांनी जाहीर केलं. बाईंच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. त्यांना हे हवं होतं, किती हवं होतं ते मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

"पोरांनी वर्षभर थांबायचं, ते कशापायी?" त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीपायी? न्हाई आप्पा. जाहिरात द्या."

विदर्भातला एक तरुण निवडला गेला. किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा. त्यानं बाईंचा आराखडा दोन दिवस वाचला आणि आल्या आल्या सांगितलं की कांदा काढणीचा पाठ चांगला आहे, पण पोरांनी आधी फक्त आवाज ऐकावा, रान नंतर बघावं. बाई त्याच्याशी तासभर कडाकडा भांडल्या. मग स्वतःच्या हातानं तो पाठ बदलला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोरगं तयारीचं हाय." घरच्या सुनेला पहिलं पक्वान्न जमल्यावर सासूचा चेहरा व्हावा तसा त्यांचा चेहरा होता.

जूनमध्ये वर्ग भरला. पाबळ, न्हावरा, थेट दौंडकडचीही मुलं आली होती, आणि मुली माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होत्या. माझा तास शेजारच्या खोलीत होता, पण मी दारातच रेंगाळलो. नव्या सरांनी स्वतःची ओळख करून दिली. मग म्हणाले, एकेकानं उभं राहून नाव, गाव आणि सिनेमा कुठं बसून बघितला ते सांगा. मुलं लाजत, अडखळत बोलायला लागली. कुणी झाडावरून बघितला होता, कुणी ट्रॅक्टरवरून. एका मुलीनं चुलत्याच्या खांद्यावरून बघितला होता. बघता बघता वर्ग असा बोलायला लागला की सरांना फळ्यावर हात आपटावा लागला.

ओळखी शेवटच्या बाकापर्यंत आल्या. तिथं साळवे बाई बसल्या होत्या. प्राचार्यांकडून तो तास त्यांनी मोकळा मागून घेतला होता. सर त्यांना बघून गडबडले, बाई, तुम्ही बसा, म्हणाले. पण बाई उभ्या राहिल्या. विद्यार्थी राहतो तशा, हात बाकाला टेकवून, ताठ.

"सुलोचना साळवे, दौंड," त्या म्हणाल्या. "सर, आम्ही बोलायला लागलो. आता शिकवा."

माझ्या वर्गात पोरांचा गोंधळ चालला होता, तरी मी हललो नाही. कॉलेजात मी पुष्कळ मोठी माणसं व्यासपीठावर पाहिली. अभिमानानं ऊर भरून आला तो मात्र त्या दिवशी, शेवटच्या बाकाकडे बघताना.