बाबांच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज

बाबा गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत आईने घरात गाणं लावू दिलं नाही. त्यानंतरच्या रविवारी मी त्यांची कॅसेट लावली. बाबा आमच्या गाववाल्यांच्या भजनमंडळाचे बुवा. ही कॅसेट त्यांनी भांडुपच्या आमच्या खोलीत एकट्याने, मंडळाच्या सरावासाठी भरली होती. आवाज आला, पण मला काहीच वाटलं नाही. स्मशानातही वाटलं नव्हतं. तेव्हा गडबड होती, अशी मी समजूत काढली होती.

आता मी दोष ॲम्प्लिफायरला दिला. तो खरखरत होताच.

कॉलेजातला एक मित्र मुलुंडला राहतो, त्याला महागड्या स्पीकरांचं वेड आहे. तो म्हणाला, "फ्यूज बदल. साउंड ओपन होतो. पप्पा समोर बसून गातायत असं वाटेल."

"फ्यूजने?" मी चाचरत विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कोणी ठामपणे काही बोललं की मला ते खरंच वाटतं. आणि हे तर खरं असावंच, अशी माझी इच्छा होती.

तो स्वतःकडचा एक फ्यूज घेऊन घरी आला. प्लग काढून आम्ही मागची बाजू उघडली. जळालेल्या जुन्या फ्यूजवर बाबांनी अगरबत्तीच्या पुड्यातली चांदी, म्हणजे तो चंदेरी कागद, गुंडाळली होती.

"अरे, हा बॉम्ब आहे बॉम्ब! कधीही आग लागली असती. तुझे पप्पा डेंजर होते यार."

मी हसलो. हसायला हवं होतं म्हणून.

नव्या फ्यूजवर दिशा दाखवणारा बाण होता. आधी एका दिशेने बसवून ऐकलं, मग उलटा करून. "आता झकास! फरक कळतोय ना?" मी मान डोलावली. खरखर गेली होती, एवढं खरं. चांदी सैल झाली असणार. बाबांचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतल्या माणसाचा असतो तसा, नुसता ओळखीचा.

टेपवर ते एक ओळ गात आणि थांबत. मागच्यांनी ती ओळ उचलायची, झील धरायची, म्हणून त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली होती. मी त्या जागेतली टेपची सरसर तपासत होतो. एवढ्यात ओट्यापाशी भाकरी थापणाऱ्या आईने, वळूनही न बघता, झील धरली.

"आई, आवाज सुधारला का गं?"

"माका तर होतो तसोच वाटता. तुका काय वेगळा आयकूचा होता?"

मी आवाजाचं बटण थोडं वाढवलं.

"मगे मेल्या, नुसतो आयकत काय बसलंस? झील धर."

बाबांची ओळ संपली. ते थांबले. मी तोंड उघडलं. शब्द सगळे पाठ होते, सूरही लागला. बाकी काही आलं नाही. बाबांनी पुढची ओळ घेतली, आणि पुन्हा जागा सोडली.