हिरव्या रानातली झोप

माझ्या छातीत धातूची झडप आहे. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्या तापानं काळजाची मूळची झडप खराब केली, आणि मुलगी झाल्यावर डॉक्टरांनी ती झडप काढून ही बसवली. ही वाजते. टिक, टिक. घर शांत असलं की शेजारच्या माणसालाही ऐकू येतं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सुनंनं घड्याळ गिळलंय, पर टाइम इचारला तर सांगता येत न्हाई." मला त्या आवाजाचा वैताग होता. मालक मात्र म्हणायचे, त्याच्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मी ते नुसतं गोड बोलणं समजायचे.

धातूवर रक्त साकळतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर हिरड्यांतून रक्त येतं. अरुंद बांधावरून चालल्यासारखं ते जगणं, आणि तोल बघायला अधूनमधून बीडला जाऊन रक्त तपासायचं. त्यातली खरी मेख मला पुढं कळली: पालेभाजी या गोळीचा जोर मोडते. दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या शिरूर कासारकडच्या रानात हिरवं पान उरलं नव्हतं. ताटात भाकरी, ठेचा, फार तर पिठलं. भाजी नाही, म्हणून नेहमीचीच गोळी जास्त व्हायला लागली, हिरड्या लाल झाल्या आणि बीडच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली. म्हणजे माझी गोळी दुष्काळावर बेतलेली होती. भाजीबद्दल ते काही बोलले असतील. पण दुष्काळात भाजीच्या गोष्टी कोण कान देऊन ऐकतं?

मालक गुरं घेऊन दूध संस्थेच्या चारा छावणीत राहायला गेले. तेवढ्यात माझी थोरली बहीण मला न्यायला आली. अक्काला तलवाड्याकडं दिलेली. तिच्या रानाच्या कडेनं कालवा जातो, त्याच्या पाझरावर तिची विहीर त्याही वर्षी तग धरून होती. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "पार वाळून गेलीस की गं. चल, चार दिस हिरवं खाय."

त्या दिवसांची आठवण काढली की सगळं हिरव्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. मोटार चालू व्हायची, पाटाला पाणी यायचं आणि मी मुलीला घेऊन नुसती पाण्यात पाय सोडून बसायचे. अक्का सकाळी मेथी करायची, दुपारी चुका-पालक, संध्याकाळी हरभऱ्याची भाजी. आंधळा मागतो एक डोळा तशी गत. मी भाकरीबरोबर भाजी खात नव्हते, भाजीबरोबर भाकरी खात होते. अक्का वाढत राहायची आणि तिचा चेहरा फुललेला असायचा. आमच्या आईच्या मागं मला भरवायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं होतं, आणि मला ते हवंच होतं, लाज न वाटता सांगते.

जेवण झालं की लिंबाखाली बाज टाकून मी पडायचे. पानांतून ऊन अंगावर सांडायचं, पाटाचं पाणी बोलत राहायचं. मी लहान आहे, आई कुठंतरी जवळच भांडी घासते आहे, असं वाटायचं. स्वप्न आणि जाग यांच्यात तिथं कुंपणच नव्हतं. हळूहळू छातीतली टिकटिक मऊ झाली, मग लांब गेली, मग ऐकूच येईनाशी झाली. मला वाटलं, पाण्याच्या आवाजात बुडाली असेल. बरंच झालं. इतकी गाढ झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. विहिरीपासून घरापर्यंत येताना दम लागायचा, तर अक्का म्हणायची, "अंगाला लागाया लागलं, मग जड वाटणारच." बीडच्या तपासणीची वेळ टळून गेली होती. बरी असताना कोण जातं?

मालक एका दुपारी अचानक आले. छावणीतल्या गुरांवर शेजाऱ्याला ठेवून, मुलीला बघायला म्हणून. मी झोपले होते. डोळे उघडले तर हे बाजेशेजारी उकिडवे बसलेले, कान माझ्या छातीजवळ.

"कावून वाजंना गं?"

"पाण्याच्या आवाजात येत नसंल ऐकू," मी म्हणाले. "झोपू द्या की."

ते उठले, विहिरीवर गेले आणि मोटार बंद करून आले. पाट थांबला. पाखरंसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं. त्यांनी परत कान लावला. मीही ऐकलं. आत काहीच वाजत नव्हतं.

डेअरीची गाडी कॅन भरून बीडला निघाली होती. मालक तिच्यापुढं आडवे उभे राहिले. मुलीला अक्काच्या सासूजवळ ठेवून अक्काही चढली. कॅनच्या मधल्या सांदीत मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. दुधाचा वास, पत्र्याचा खडखडाट, वर भाजलेलं आभाळ. श्वास अपुरा पडत होता, आणि तरी मन कुठंतरी पाटाच्या कडेला बसून होतं. मरण असंच मऊ येत असेल, असं वाटून गेलं. मग मुलगी आठवली आणि मी डोळे उघडे ठेवले.

बीडला तपासून त्यांनी लगेच औरंगाबादला धाडलं. झडपेवर गुठळी बसली होती, एक पाकळी हलतच नव्हती. गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून सुरू केलं. डॉक्टरीण बाईंनी मालकांना आधीच सांगितलं, यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, पण न द्यावं तर झडप पुरतीच अडकेल. मालक म्हणाले, "द्या." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

औषध लागू पडलं. त्या वॉर्डात सगळ्याच रक्त साकळलेल्या, नाहीतर साकळायच्या धाकातल्या, पण प्रत्येकीचं वेगळं. एक बाळंतीण होती, पायात गुठळी धरलेली. घरच्यांनी बाजेवरून उठू दिलं नाही, पाणी घोटघोट दिलं, आणि सुजलेला पाय तेल लावून रगडला. तिला बाई बजावत होत्या, पाणी पी, आणि पाय कुणाला चोळू देऊ नको, गुठळी सुटून वर जाईल. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीला गुठळी धरू नये म्हणून पोटात सुई देऊन चालवायचे; ती सगळ्यांना शिव्या देत चालायची. माझ्यासारखीच झडप असलेली एक गरोदर होती. पोटातल्या बाळासाठी तिची गोळी थांबवून इंजेक्शनं चालू होती. एकच दुखणं, पण एकीचं पथ्य दुसरीला चालत नव्हतं.

राउंडला बाईंनी विचारलं, "खाण्यात काही बदल?" अक्का पुढं होऊन कौतुकानं सांगायला लागली, मेथी, पालक, चुका, हरभरा. सांगता सांगता तिला बाईंचा चेहरा दिसला. बाईंनी शांतपणे समजावलं, भाजी वाईट नाही, बंदही करायची नाही. रोज मूठभर, सारखी. गोळी त्यावर बसवू. अक्कानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती बाहेर जाऊन जिन्यात बसली.

दवाखान्यातून सोडलं, पण पुढच्या तपासण्या होईपर्यंत पार शिरूरपर्यंतचा प्रवास नको म्हणून मी परत अक्काकडंच राहिले. तिच्या घरात आता पिठलं-भाकरी होती, सगळ्यांनाच. गोळी भाजी धरून ठरवली होती, म्हणून मला भाजी हवीच होती. मी मागितली की ती ऐकलं न ऐकलं करायची. शेवटी रागानं मीच वाफ्यात गेले, मूठभर मेथी खुडली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"शिजव."

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

"तुझ्याच हातची खायचीय मला," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. "तू भरवलंस म्हणून मला आईची उणीव वाटली न्हाई इतके दिस. आता तू बी न्हाई वाढलंस तर कोण वाढंल?"

तिनं मेथी उचलली, चूल पेटवली. भाजी ताटात वाढली, समोर बसली, आणि माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत तिनं स्वतःच्या भाकरीला हात लावला नाही.