तोंडात खर्रा असताना घेतलेली शपथ

सोडवायची होती साळ्याची दारू. माझा खर्रा नव्हे. हे मी अजूनही सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकून घेत नाही.

त्याची बायको लेकराला घेऊन माहेरी, रिठदला, निघून गेली होती. पोळ्यापर्यंत न पिता राहिला तर येईन, एवढाच तिचा निरोप. रिसोडच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या याने खिशातच फिरवल्या. मग कोणीतरी मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक म्हातारी सुचवली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तिलाही सगळे याडीच म्हणत. मी सोबत निघालो. मला आपलं बघायचं होतं, ती मुळी उगाळते की अंगात आणते. जीपमध्ये चढताना सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा दाढेखाली सारला.

याडीने ना मुळी काढली ना मंत्र म्हटला. लिंबाखाली बसवून साळ्याला विचारलं, "डागदरच्या गोळ्या हायेत ना? त्या घेत जाय. पेतं कवा?"

"दिवस कलला का."

"हा कोन?"

"दाजी हायेत, माये."

"मंग दाजी काय सोडते?"

तिची रीतच तशी. सोबत आलेल्यानेही आपलं काहीतरी सोडायचं, तरच ती दोघांच्या मनगटांना धागा बांधते. मी मनातल्या मनात कारलं सोडून टाकलं. पण बोलणार कसा? तोंड भरलेलं. कुंपणापाशी जाऊन थुंकलो, चूळ भरली, परत आलो तर अंगणातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"सोडला," याडी म्हणाली.

"माये, मी कारलं म्हनणार होतो..."

"आता थुकून आला ना? मंग!"

धागे बांधताना तिने बजावलं, एकाने मोडलं की दुसराही मोकळा.

तेव्हापासून दिवस कलला की साळा माझ्या मळ्यात हजर. मी पालकाच्या जुड्या बांधतोय आणि हा माझे खिसे चाचपतोय. "दाजी, आ करा." माझी बायको त्याच्याच बाजूची. म्हणाली, "माह्या भावाचा संसार तुमच्या दाढेत अडकला हाय, ध्यानात ठेवा." मी विचार करायचो, गुण धाग्याचा, गोळ्यांचा, की पिण्याची ती वेळ मला छळण्यात निघून जाते त्याचा? अजून उलगडलेलं नाही.

पोळा तोंडावर आला. रिसोडच्या बाजारात पालक विकला आणि स्टँडमागच्या गल्लीत टपरीवर खर्रा घोटून घेतला. तोंडात टाकून वळलो, तर समोर साळा. त्या गल्लीत टपरीच्या पुढे फक्त दारूचं दुकान.

"तुमी इथं काहून?"

मी बोटानेच विचारलं, तू?

तो चपलेने माती उकरत राहिला. "तिले आनायले रिठदले जाऊन राह्यलो होतो. गाडी लागली हाय. पाय इकडं वळले." मग माझ्या फुगलेल्या गालाकडे बघत म्हणाला, "रस गिळला का, दाजी? गिळला असन तर सांगा, मी बी मोकळा."

गिळला होता थोडा. मी जोरजोरात मान हलवली, नाही.

"मंग थुका लवकर. गाडी सुटन."

मी थुंकलो आणि त्याच्याबरोबर पळत जाऊन रिठदच्या एसटीत बसलो. पालकाची रिकामी पोती टपरीवरच राहिली.