चपलांपाशी उभी राहिलेली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात येणारी बाई दिसली की मी तिथून उठून जाते. तरी हे लिहितेय, कारण आता मनात ठेवून ठेवून थकले.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरात घरोघर कुरकुर चालू होती. त्याच सुमारास लग्न होऊन मी बडा गणपतीहून मल्हारगंजात आले. मी बोलताना फार अडखळायचे - आणि वडिलांनी लग्न ठरवताना ते लपवलं होतं. लग्नात उखाण्याची वेळ घसा बसल्याचं निमित्त करून निभावली. सासूबाईंना कळलं तर परत पाठवतील, या धाकाने महिनाभर नुसत्या हो-नाहीवर दिवस काढले.

माझा दादा मास्तर होता. त्याने मला एक युक्ती शिकवली होती. घाबरलं की स्वतःकडे परक्यासारखं बघायचं. कुमुदला घाम आलाय, कुमुदचा घसा सुकलाय... असं मनात म्हणत राहायचं, म्हणजे भीती लांब जाते.

शेजारच्या काकूंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं, दुपारी चारला. बायका नाव घे म्हणून मागे लागल्या. सासूबाई समोरच बसलेल्या. मी युक्ती सुरू केली. कुमुदचे हात गार पडलेत... कुमुदला मान वर करवत नाहीये... आणि मला कुमुदची पाठ दिसली. मी दाराबाहेर, चपलांपाशी उभी होते!

सतरंजीवरच्या कुमुदने छान लयीत उखाणा घेतला. कुठेही अडखळली नाही. बायका हसल्या, सासूबाईही हसल्या. मला आत जायचं होतं, पण पाय उचलेना. हाक मारायला गेले, तर पहिल्याच अक्षराला अडकले. तेवढ्यात काकू करंडा घेऊन दाराशी आल्या. त्यांचं बोट माझ्या कपाळाला लागलं... आणि एकदम मी सतरंजीवर होते, हातात कैरीच्या डाळीची वाटी.

भास म्हणून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी काकू नळावर भेटल्या.

"काल दाराशी बहीण होती का गं तुझी? चेहरा तर हुबेहूब तुझाच. मी ओटीत हरभरे घातले, तर अशीच निघून गेली."

मी विचारलं, काही बोलली का.

"बोलायला गेली, पण हकलत होती बिचारी, पहिलाच शब्द अडत होता. डोळ्यांत पाणी होतं."

मला बहीण नाही. दादा म्हणाला, मनाचे खेळ. मग ते काकूंना कसे दिसले, विचारलं तर पोरांच्या वह्या तपासायला बसला.

त्या दिवसापासून मी एकदाही अडखळले नाही. संसार नीट झाला. पण घरात कुणी नसलं की मी मुद्दाम अडखळून बघते, आणि ते जमत नाही. भीती वाटते हो. ती हरभरे घेऊन कुठे गेली, आणि त्या दिवशी सासूबाईंबरोबर घरी आली ती नक्की मीच का... अजून कळलेलं नाही.