अप्पांनी कोंडलेला महादेव

अप्पा कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी फरशीला भेटत. चपला दारात काढायच्या, डोळे मिटायचे आणि अनवाणी पायांनी खोलीभर फिरून यायचं. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभा. मग डोळे उघडून ते सांगणार, "सांडलं तर पाणी देवघरात जाईल, मोरीत न्हाई." माझ्या बहिणीच्या सोयरिकीला मी त्यांना हौसेनं नेलं, तर त्यांनी मुलाकडच्यांचा दिवाणखाना असाच पायाखाली घातला आणि घर खचत चालल्याचं जाहीर केलं. सोयरीक मोडली. पुढं त्या घराची भिंत खरंच पडली, तरी बहीण अप्पांशी बोलली नाही ती नाहीच.

उदगीरच्या डाळमिली, गोदामं, दवाखाने यांच्या फरश्या करून देणं हा अप्पांचा धंदा, आणि त्यासाठी लागणारा माल विकणं हा माझा. मी साधा बी. कॉम., पण ते मला इंजिनिअर म्हणत. इतर ठेकेदार मालकाला रंग विचारत; अप्पा विचारत, "हिच्यावर कोण उभं राहणार?" उत्तर ऐकून माल ठरे. वाकडीतिकडी जमीन सपाट करायची असेल तर लेव्हलिंग कंपाऊंड, म्हणजे सिमेंटचं पातळ पीठ. ओतलं की आपोआप एका पातळीत येतं. तेल, आम्ल, रेटारेटी सोसायची असेल तर वरून एपॉक्सी. दोन डब्यांतलं रसायन एकत्र मिसळलं की दगडाला भारी पडतं. फक्त खाली ओल नको, नाहीतर फोड येतात. "एपॉक्सीला ओल म्हणजे सवत," असं ते प्रत्येक मालकाला बजावत.

ही सवत शोधायला ते जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली दव जमलंय का ते बघत. दुष्काळ पडला आणि दव दिसेनासं झालं. अख्खा लातूर जिल्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, आणि अप्पा मनातून खूश! त्याची त्यांना भयंकर लाज वाटे. हॉटेलात पावसाचा विषय निघाला की सगळ्यांपेक्षा मोठा सुस्कारा ते सोडत आणि बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागत, "स्लॅब लई खडखडीत वाळलाय हो. पाप लागून राहिलंय मला."

त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी आवई होती. ती दर झेंडावंदनाच्या आधी उठायचीच, पण धान्यबाजारातल्या, म्हणजे मोंढ्यातल्या, एका आडत्या शेटजींनी ती मनावर घेतली आणि कलेक्टर कचेरीला भाड्यानं द्यायला मोठा थोरला हॉल बांधला. फरशीत कलेक्टरांचं तोंड दिसलं पाहिजे, ही त्यांची एकच अट. खिडक्यांना अजून काचा नव्हत्या, पण त्यांना घाई होती. अप्पांनी आयुष्यभर वाट बघितलेलं काम ते हेच. कंपाऊंड ओतून झालं, शेवटचा चकचकीत थर तेवढा राहिला.

तेवढ्यात अप्पांच्या गावची माणसं आली. पाऊस रुसला की आमच्याकडे महादेव कोंडतात. गाभाऱ्याचं दार बंद करून पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं, मग देव गुदमरून पाऊस पाडतो. गावानं पिण्याच्या पाण्यातून घागर घागर काढून ओतली, पण फरशीच्या फटींतून सगळं झिरपून गेलं. गळती बंद करायला अप्पाच हवे होते.

शेटजींना हे कळलं आणि त्यांचा धीर सुटला. तेही महादेवाचेच भक्त. पिंड बुडाली की पाऊस येणार आणि बिनकाचांच्या खिडक्यांतून आपली कचेरी बुडणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन विनवलं की गळती बुजवा, पण एक बारीक भोक राहू द्या. कचेरी उभी राहिली की मी स्वतः येऊन बुजवतो.

मीही म्हटलं, अप्पा, चार दिवस थांबा.

"पाऊस पाडणं त्याचं काम, गळू न देणं माझं," अप्पा म्हणाले. "तोंडचं पाणी आणून ओतलंय त्यांनी. भोक कसं ठिवू?"

सिमेंटचा माल दह्यादुधानं खाल्ला जाईल म्हणून त्यांनी गाभाऱ्याला वाळू मिसळलेलं एपॉक्सी घातलं. गावानं ओतलेलं पाणी केव्हाच जिरून गेलं होतं, आणि वर्षभर अभिषेक बंद असल्यानं दगड पुन्हा हाडासारखा कोरडा झाला होता. प्रत्येक फट भरली, आणि कामाच्या भरात पाणी जायची वाटही बुजवून टाकली.

हॉलमध्ये शेवटचा थर ओतला त्याच दिवशी गावात पिंड बुडाली, आणि दुपारी आभाळ फाटलं. आम्ही खिडक्यांना ताडपत्र्या धरून उभे. शेटजी एवढ्याशा छत्रीनं फरशी झाकायला बघत होते आणि आभाळाला सांगत होते, "उद्या पड की रे बाबा!" इतक्यात हलगी वाजवत, टेम्पो भरभरून अप्पांचं गाव सत्काराला आलं. अप्पा दोन्ही हात पसरून दार अडवून उभे राहिले. मग त्यांनी त्या चिंब माणसांची तोंडं पाहिली आणि हात खाली घेतले. अख्खं गाव ओल्या एपॉक्सीवर नाचलं.

जिल्हा अजून व्हायचाय. त्या हॉलमध्ये आता लग्नं लागतात आणि वऱ्हाडी फरशीत वाळून राहिलेल्या पायांच्या ठशांवर ठेचकाळतात. या माणसानं माझी कचेरी बुडवली असं शेटजींनी मोंढाभर सांगितलं आणि उदगीरात अप्पांना पुन्हा कुणी फरशीला बोलावलं नाही. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्यांचं शेवटचं काम मात्र मी पाहिलं. त्याच वर्षी श्रावण आला तरी गाभाऱ्यातलं पाणी थेंबभर हललं नव्हतं. गुरव कमरेभर पाण्यात उभा राहून बेल वाहायचा, बायाबापड्यांना दर्शन नाही. फरशी फोडून पाणी सोडायला गावानं अप्पांना पहार घेऊन बोलावलं. ते पाण्यात उतरले. पहार वर जायची, खाली यायची. बाहेरून लोक विचारत, काय झालं?

"मोडंना की हो," अप्पा म्हणत होते, "मोडंना."

मी बेलाची पानं बाजूला सारून वाकून पाहिलं. पहारीचं टोक फरशीला लागतच नव्हतं.

मी कुणाला काही बोललो नाही. पाण्यात उतरून त्यांच्या हातातली पहार घेतली. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आवरेना, पण घाव मीच घातला.