मोठ्या कंपनीची अर्धी गोळी

“अर्धीच बास झाली. मोठ्या कंपनीची हाय, पावर लई असती तिच्यात.”

मी चहाचे रिकामे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते आणि आत तात्या मोठ्या आईला हे सांगत होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, मोठी आई त्यांची बायको. तात्यांच्या हातात अडकित्ता होता, रोज सुपारी कातरायचा तोच. त्याच्या पात्यांमध्ये त्यांनी एक पांढरी लांबट गोळी धरली, एक डोळा बारीक केला आणि कट्‌कन दाबलं. एक तुकडा मोठ्या आईच्या तळहातावर ठेवला, दुसरा कागदात गुंडाळून फळीवर. पात्याला लागलेला चुरा अंगठ्यानं पुसला आणि अंगठा पायजम्याला.

मी कप मोरीत ठेवले आणि बाहेर आले. काही बोलले नाही.

मोठ्या आईला फिट येते. लग्नाआधीपासून येते. तिच्या हातावर चुलीवर भाजल्याचा जुना डाग आहे, तो त्यातलाच. पण गेली चार वर्षं तिला एकदाही फिट आली नव्हती, कारण अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी ती सकाळ-संध्याकाळ न चुकता घेत होती. दर तीन महिन्यांनी तात्या तिला जीपमध्ये बसवून उमापूरहून इतक्या लांब नेत आणि पिशवीभर गोळ्या घेऊन येत. ती भाकरी थापायला बसली की कुणीतरी जवळ बसायचं, ही आमच्या घरातली जुनी पद्धत होती. ती कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती एकटी हौदावर जायची, एकटी चूल पेटवायची. चार वर्षांत तिला मिळालेली गोष्ट एवढीच होती, आणि ती थोडी नव्हती.

मग मी यादी केली.

मी पुण्याच्या एका कॉलेजचं एमबीए घरी बसून करते. मला प्रोजेक्टसाठी विषय मिळाला, जगातल्या सर्वांत मोठ्या औषध कंपन्या. सोपं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं उठलं. विक्रीवरून लावली तर एक कंपनी पहिली, शेअरच्या किमतीवरून लावली तर दुसरीच. एखादी लस आली की एक कंपनी टुणकन वर, पुढच्या वर्षी पुन्हा खाली. कुणी कुणाला विकत घेतलेलं, कुणी स्वतःचेच दोन तुकडे करून वेगळ्या नावानं बसलेलं. एका कंपनीत औषधं आणि शाम्पू दोन्ही, दुसरीत औषधं आणि शेतीचा माल. मोठी म्हणजे नक्की कशानं मोठी, हे विचारायला मार्गदर्शक सरांना मेल केला, त्यांचं उत्तर आलं, “प्लीज प्रोसीड.”

केलं प्रोसीड. दहा नावांचा तक्ता केला, प्रिंट काढली आणि ओसरीवरच्या टेबलावर ठेवून जेवायला गेले. परत आले तर तक्ता तात्यांच्या हातात.

“पयल्या नंबरला कोण हाय?”

“ते कशावरून मोजतो त्याच्यावर आहे, तात्या.”

“आगं कशावरून म्हंजी? नंबर लिवलाय की तू.”

मला मोठ्या माणसांपुढं दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. गेवराईच्या इंग्लिश मीडियम शाळेच्या बसमधून मी बारा वर्षं गेले-आले, आणि त्या बारा वर्षांत माझं बोलणं कुठंतरी रस्त्यातच राहिलं. मराठी बोलले की घरातले हसतात, पुस्तकातली भाषा म्हणतात. इंग्रजी बोलले की पाहुण्यांना बोलावून ऐकवतात. तेव्हा न बोललेलं बरं.

तात्यांचं बोट यादीवरून खाली सरकत पाचव्या नावावर थांबलं. नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि ते त्यांना ओळखीचं होतं. गोठ्यामागच्या खोलीत कपाशीवरच्या फवारणीची जी बाटली होती, तिच्यावर तेच नाव.

“ही आपलीच कंपनी हाय की! ही गोळ्या बी करती?”

“करते,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले. या एका शब्दाचं पुढं काय झालं ते सांगते.

संध्याकाळी ओसरीवर तात्यांचे नेहमीचे लोक जमले. तात्या दहा वर्षं सरपंच होते, त्यामुळे चहाला माणसं अजून येतात. तात्यांनी माझी यादी सगळ्यांना दाखवली. चकलांब्याचे एक मेंढपाळ मामा शेतात मेंढ्या बसवायचं बोलणं करायला आले होते. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला.

“जगातल्या म्हन्ता व्हय? मंग यात मेंढरांची लस करनारी कोन?”

“मेंढरांचं काय घिऊन बसलास बे,” तात्या म्हणाले. “मानसांच्या कंपन्या हायत या. आमच्या पोरीनं शोधून काढल्यात.”

“मानसांच्या हायत तं कपाशीचा फवारा कावून करत्यात?”

सगळे हसले. मामांनी विचारलेला प्रश्न माझ्या अख्ख्या प्रोजेक्टपेक्षा बरा होता, पण तो तिथंच वाहून गेला. तात्यांचं ठरलं होतं. इतकी वर्षं घरधनीण सरकारी, फुकटातली, बिननावाची गोळी खाते आणि जगातली पाचव्या नंबरची कंपनी तीच गोळी करते, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या इभ्रतीला ते शोभत नव्हतं. दोन दिवसांनी गेवराईला गेले आणि त्या कंपनीचं पाकीट घेऊन आले.

इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पाकीट मी गुपचूप तपासलं होतं. औषध तेच होतं, आकडा तोच होता, सरकारी पट्टीवर पाचशे मिलिग्रॅम आणि यावरही पाचशे. शिवाय सरकारी गोळी बिननावाची नव्हतीच. तिच्यावरही बारीक अक्षरांत एका कारखान्याचं नाव होतं. आणि मोठ्या कंपनीच्या पट्टीच्या मागं, त्याहून बारीक अक्षरांत, गोळी बनवणारा भलताच कुणीतरी होता. दोन्ही कारखाने हिमाचलात. कदाचित एकाच रस्त्यावर असतील. मला हसू आलं होतं.

हसू अडकित्त्यानं घालवलं. तात्यांचा हिशोब कपाशीचा होता. लोकल कंपनीचा फवारा पंपाला दोन टोपणं लागतो, मोठ्या कंपनीचा एकच टोपण. जास्त घातला तर पीक करपतं. हे ते तीस वर्षं करत आलेले आणि त्यांची कपाशी गावात कुणापेक्षा वाईट नसते. मग तीच कंपनी, तोच नियम. बायकोचं पीक करपू नये म्हणून ते गोळी अर्धी करत होते. काळजीनं करत होते, हेच मला सहन होत नव्हतं. दुष्टपणानं केलं असतं तर भांडणं तरी सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी मी धीर केला. तात्या पेपर वाचत होते.

“तात्या, दोन्ही गोळ्या पाचशेच्याच आहेत. कंपनी मोठी म्हणजे ती जास्त विकते. गोळीत जास्त औषध नसतं.”

त्यांनी पेपर खाली केला नाही. “पाच एच.पी. तर आपल्या बी मोटरीवर लिवलंय आन्‌ शेजाऱ्याच्या बी. पानी कुणाची जास्त फेकती?”

“आपली,” मी म्हणाले. आपली मोटर मोठ्या कंपनीची आहे.

“मंग?”

मी आईकडे गेले. आई म्हणाली, “त्यांच्या मधी तू नको पडू. त्यांनी तिला चार वर्षं सांभाळलंय का न्हाई?” मी पाकिटावर चिठ्ठी चिकटवली, पूर्ण गोळी, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीच्या मागं दुधाच्या लिटरांचा मेळ लिहिलेला होता. शेवटी मोठ्या आईलाच गाठलं. ती लसूण सोलत होती.

“मोठी आई, तू अख्खी घे ना गं. त्यांना सांगू नको.”

“मला बी अर्धीच बरी वाटती,” ती म्हणाली. “अख्खीनं लई सुस्ती यायची. आता बघ, दुपारची झोप सुदीक न्हाई. तुज्या कंपनीचा असर चांगला हाय.”

तुझ्या कंपनीचा! जणू मी मालकीण.

मी तिच्याकडे बघत राहायला लागले. दुसरं काही जमत नव्हतं, बघणं जमतं. तिसऱ्या आठवड्यात एकदा ताक घुसळताना तिचा हात थांबला. डोळे उघडे, पण समोर कुणी नसल्यासारखे. मी दहापर्यंत मोजलं. मग हात पुन्हा सुरू झाला, तिला काही कळलंच नव्हतं. मी घरात सांगितलं तर आई म्हणाली, विचारात असेल. तात्या म्हणाले, वय झालं. मी पुन्हा गप्प. कितव्यांदा गप्प, हे मोजायचं मी सोडून दिलं होतं.

त्या रविवारी सकाळी हौदाजवळ भांडं पडल्याचा आवाज आला. मी धावले. मोठी आई फरशीवर पडली होती, अंग ताठ, जबडा आवळलेला, तोंडातून रक्ताचा फेस. मी तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझी ओढणी घातली. मागून तात्या ओरडत आले, “चप्पल आना! नाकाला लावा!” कुणीतरी खरंच चप्पल आणली. मी ती हातानं बाजूला सारली. दोन मिनिटांनी ती सैल झाली. तिची जीभ चावली गेली होती, कोपर फुटलं होतं. भानावर आल्यावर तिनं आधी परकर नीट केला आणि मग विचारलं, “कुनी बगितलं का?”

चार वर्षांची कमाई गेली. हौद, चूल, एकटीनं बसणं, सगळं गेलं. त्याच दुपारी ती भाकरी करायला बसली तेव्हा आई न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसली.

आता तरी तात्यांना कळेल, असं मला वाटलं होतं. तात्या तासभर विचार करत ओसरीवर बसले आणि त्यांनी निकाल दिला.

“गेवराईत डुप्लिकेट माल हाय. बीडला जाऊन ओरिजनल आनतो.”

त्यांनी बीडहून आणलेलं ओरिजनल पाकीटही त्याच अडकित्त्याखाली गेलं. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. बुधवारी तिला दुसरी फिट आली.

शुक्रवारी आम्ही अंबाजोगाईला गेलो. मला कागद वाचायला बरोबर घेतलं होतं. जीपमध्ये तात्या वाटभर बोलत होते, मोठी आई खिडकीला डोकं टेकून होती, तिच्या जिभेला अजून तिखट सोसत नव्हतं. ओपीडीत मोठी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टर होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिनं जुना कागद पाहिला.

“चार वर्षं काही नव्हतं आणि आता आठवड्यात दोनदा? गोळ्या चुकल्या का?”

“येक बी न्हाई,” तात्या म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ मी सोता माज्या हातानं देतो. आन्‌ आता तर मोठ्या कंपनीची चालू केली. जगात पाचव्या नंबरची हाय.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

डॉक्टरनं पाकीट बघितलं, आकडा वाचला. “औषध तेच आहे. म्हणजे पूर्ण डोस चालू असताना फिट येतायत.” तिनं कागद पुढं ओढला. “मग याच्यावर भागणार नाही. दुसरी एक गोळी जोडते. ही जरा जड आहे, सुरुवातीला चक्कर येईल, तोल जाईल. लिव्हरची तपासणीही करून घ्या.”

तिनं पेन उचललं. मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं, तिला फक्त चक्कर एवढंच कळलं होतं. तात्या मान डोलावत होते. सगळे जण आपापल्या जागी बरोबर होते, आणि मोठ्या आईच्या पोटात आता नको असलेलं औषध जाणार होतं, कारण त्या खोलीत ज्या एका माणसाला सगळं माहीत होतं तिला बोलायची लाज वाटत होती. मला स्वतःचा इतका वैताग आला की कान गरम झाले. मागं रांगेतल्या बाया ऐकत होत्या. तात्यांची मान खाली जाईल हे दिसत होतं. पेन कागदाला टेकलं.

“डॉक्टर, थांबा,” मी म्हणाले. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला, बाहेरच्या बाकावरचे लोकही वळले. “त्यांनी एकही गोळी चुकवली नाही, पण दर वेळी अर्धीच दिली आहे. महिना झाला. कंपनी मोठी आहे म्हणून अर्धी पुरते, असं त्यांना वाटतं. मी पहिल्या दिवशी दारातून पाहिलं होतं, आणि आज सांगतेय.”